जुन्या पेडल स्टीलला नवा पिकअप: मागवण्याआधी कागदावर काय ठरवायचं

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या पेडल स्टील वादकाला दोन-तीन पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक आणि कॉइल) घरी आणून, लावून, ऐकून नको ते परत देता येतात. पुण्यात बसून हे जमत नाही. पिकअप परदेशातून मागवायचा, टपालखर्च आणि कस्टम्स ड्युटी भरायची, आणि तो गिटारच्या खाचेत बसला नाही तर परत पाठवणं परवडत नाही. म्हणून इथे निवड आधी कागदावर होते, कान लावायची वेळ नंतर येते. एका जुन्या वाद्यावर हे काम अलीकडेच पूर्ण केलं. त्यात काय मोजलं, काय नाकारलं आणि कोणत्या कारणाने, ते सविस्तर लिहितो आहोत.

हवाईयन गिटार आपल्याकडे नवी नाही. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या वादनामुळे ती हिंदी गाण्यांच्या श्रोत्यांना चांगली ओळखीची आहे. पेडल स्टील तिच्याच घराण्यातली, पण पायांवर उभी असते. पेडल आणि गुडघ्याचे लिव्हर दाबले की ठरावीक तारांचा स्वर वर-खाली जातो. या कामातलं वाद्य १९७०च्या दशकातलं, अमेरिकन बनावटीचं, एका नेकचं (तारांचा एकच संच), दहा तारांचं होतं. ट्यूनिंग ई-९, तीन पेडल, चार लिव्हर. तक्रार अशी: आवाज अचानक बारीक आणि पातळ होतो, मध्येच खरखरतो, कधी आपोआप पूर्ववत होतो.

अशा वेळी लगेच पिकअपला दोष देऊ नये. आधी व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं, गिटारपासून वेगळं पेडल) बाजूला काढून गिटार थेट अ‍ॅम्पला जोडली. मग जॅकचं स्प्रिंग पाहिलं, जॅकवरचे डाख पाहिले. तिथे सगळं ठीक निघाल्यावर पिकअपची दोन्ही टोकं सोडवली आणि मल्टिमीटर २०० किलोओहमच्या रेंजवर लावला. पिकअप सर्किटमध्ये असताना घेतलेलं रीडिंग उपयोगाचं नसतं, कारण एखादा व्हॉल्यूम किंवा टोनचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रोध) समांतर जोडलेला असेल तर आकडा कमी दिसतो. रीडिंग कधी १६.८ किलोओहम येत होतं, कधी मीटर ओपन सर्किट दाखवत होता. हेअर ड्रायरने कॉइल हलकी गरम केली. चांगल्या कॉइलचा आकडा उष्णतेने सावकाश चढतो. इथे तो उड्या मारत होता. म्हणजे कॉइलची वायर कुठेतरी तुटलेली आणि टोकाला टोक जेमतेम टेकलेलं.

कॉइल तुटली तरी आवाज पूर्ण बंद का होत नाही, हे अनेकांना कोडं वाटतं. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे वेढे एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे तिथे एक छोटा कपॅसिटर तयार होतो. त्यातून वरच्या फ्रिक्वेन्सी निसटतात, खालच्या अडतात. पातळ, पत्र्यासारखा आवाज ऐकू आला तर पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा.

जुन्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या, पिकअपमध्ये वायर बहुतेक वेळा सुरुवातीच्या टोकाशी, म्हणजे अगदी आतल्या वेढ्यांत तुटते. अनेक जुन्या पिकअपमध्ये वायर थेट अल्निकोच्या, म्हणजे चुंबकी मिश्रधातूच्या, दांड्यांवर गुंडाळलेली असते. अल्निकोत लोखंड असतं, ते गंजतं. पुण्यातले पावसाळ्याचे चार महिने दमट हवा कॉइलमध्ये शिरते, दांड्यांवर गंज येतो आणि केसाहून बारीक वायरचं इनॅमल खाल्लं जातं. त्यात मूळ डाख देताना आम्लयुक्त फ्लक्स वापरला गेला असेल तर तिथे हिरवट डाग दिसतो. असा पिकअप बाहेरून दुरुस्त होत नाही. पूर्ण कॉइल उलगडून पुन्हा भरावी लागते, नाहीतर दुसरा पिकअप लावायचा.

दोन्ही वाटा खुल्या होत्या. आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या वाद्यात नवा पिकअप लावायला हरकत नाही, पण लाकडाला करवत, रंधा किंवा ड्रिल लावायचं नाही आणि मूळ पिकअप टाकायचा नाही. उद्या कोणालाही मूळ पिकअप त्याच स्क्रूच्या भोकांत परत बसवता आला पाहिजे. ही अट घातली की बाजारातले निम्मेअधिक पर्याय आपोआप गळतात.

म्हणून पहिलं काम मापांचं. पेडल स्टीलच्या पिकअपला एकच सर्वमान्य आकार नाही. शो-बड, एमन्स, एमएसए यांच्या खाचा आणि स्क्रूच्या जागा वेगवेगळ्या, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या वाद्यांतही फरक सापडतो. नावावरून किंवा मॉडेलवरून मागवू नये. व्हर्नियर कॅलिपरने ही मापं मिलिमीटरमध्ये घेतली: खाचेची लांबी, रुंदी, कोपऱ्यांची गोलाई, स्क्रूच्या केंद्रांमधलं अंतर, खाचेच्या कडेपासून चेंजरच्या (तारांचं एक टोक धरून त्यांचा स्वर बदलणारी यंत्रणा) बोटांपर्यंतची मोकळी जागा आणि खाचेची खोली. मग जाड पुठ्ठ्याचा साचा कापून तो खाचेत बसवून पाहिला आणि त्यावर स्क्रूची भोकं उमटवून घेतली. विक्रेत्याला आकड्यांबरोबर या साच्याचा फोटोही पाठवला, शेजारी पट्टी ठेवून.

खोलीच्या मापात बऱ्याच जणांची फसगत होते. गिटारच्या पोटात पेडलची ओढ चेंजरपर्यंत नेणारे पुल रॉड आणि बेलक्रँक असतात. स्थिर असताना पिकअपखाली पुरेशी जागा दिसते, पण पेडल दाबलं की बेलक्रँक वळतो, रॉड सरकतो आणि जागा कमी होते. तेव्हा गिटार उलटी करून, एकेक पेडल आणि लिव्हर पूर्ण दाबून, प्रत्येक वेळी सर्वांत जवळ येणारा भाग किती अंतरावर थांबतो ते पाहावं. पिकअपच्या तळातून निघणारी वायर कुठल्या बाजूला आहे हेही आत्ताच ठरवायचं. ती रॉडला घासत राहिली तर काही महिन्यांत तिचं आवरण फाटतं आणि पेडल दाबताना खरखर सुरू होते.

दुसरं माप तारांच्या पसाऱ्याचं: पहिल्या तारेच्या मध्यापासून दहाव्या तारेच्या मध्यापर्यंत. हे पिकअपच्या बरोबर वर मोजायचं. नटपाशी, म्हणजे चेंजरच्या विरुद्ध टोकाला, तारा थोड्या जवळ असतात, चेंजरपाशी थोड्या लांब. पिकअपवर मोजणं जमत नसेल तर हिशेबाने काढता येतं. समजा चेंजरवर पसारा ७८ मिमी, नटवर ७२ मिमी, स्केल ६१० मिमी आणि पिकअपचा मध्य चेंजरपासून ३८ मिमीवर. तर ६ ला ३८ ने गुणून ६१० ने भागायचं, साधारण ०.४ येतं. म्हणजे पिकअपवर पसारा ७७.६ मिमी. अल्निकोची दांडी सहसा ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी व्यासाची असते. तार दांडीच्या डोक्याच्या कक्षेत राहिली पाहिजे, शक्यतो मध्यापासून १ मिमीच्या आत. पिकअपचा पसारा ३ मिमीने चुकला तर चूक दोन्ही कडांना १.५ मिमी वाटली जाते, आणि पहिली व दहावी तार दबकी वाजू लागते. ज्या पिकअपमध्ये सुट्या दांड्यांऐवजी अखंड पट्टी असते तिथे ही काळजी मिटते.

आता ओहम. स्टीलवादक एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो हाच: पिकअप किती के? १७.५ के, १९ के, २१ के. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असा समज घट्ट बसलेला आहे. ओहम ही तांब्याच्या वायरची लांबी आणि जाडी यांची बेरीज-वजाबाकी आहे. आवाज ठरतो तो वेढ्यांच्या संख्येवर, चुंबकावर आणि कॉइलच्या घडणीवर.

हिशेब करून पाहू. अमेरिकन ४२ गेजची वायर ०.०६३ मिमी जाड, तिचा रोध मीटरला सुमारे ५.५ ओहम. ४३ गेज ०.०५६ मिमी, सुमारे ६.९ ओहम. ४४ गेज ०.०५० मिमी, सुमारे ८.७ ओहम. दहा तारांच्या पिकअपचा एक सरासरी वेढा २० सेंमी धरू. १७.५ किलोओहम गाठायला ४२ गेजचे जवळपास १६,००० वेढे लागतात, ४३ चे १२,७०० आणि ४४ चे फक्त १०,०००. मीटर तिन्हींना एकच आकडा दाखवेल. पण इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा कॉइलचा गुण) वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे पहिल्या कॉइलचा इंडक्टन्स तिसरीच्या अडीचपट निघेल. एक गडद आणि जाड, दुसरी उघडी आणि तेज. इतका फरक आणि ओहम एकच.

त्याचा परिणाम कुठे ऐकू येतो तेही आकड्यांत सांगता येतं. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीवर शिखर तयार होतं, त्याच्या वर आवाज झपाट्याने कमी होत जातो. उदाहरणादाखल एकूण कपॅसिटन्स ७०० पिकोफॅरड धरला, तर ४ हेन्रीच्या कॉइलचं शिखर ३००० हर्ट्झच्या आसपास येतं आणि १० हेन्रीच्या कॉइलचं १९०० च्या आसपास. ई-९ मधली सर्वांत उंच तार तिसरी, तिचा जी-शार्प मोकळ्या तारेवर ४१५ हर्ट्झ. बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) बोर्डावरच्या २४व्या रेघेवर नेला की तीच १६६० हर्ट्झवर जाते आणि तिचा पुढचा हार्मोनिक ३३२० वर. शिखर १९०० ला असेल तर हा हार्मोनिक बराच खाली दबतो. वरच्या रेघांवर स्वर पिठाळ का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. स्टीलवादक वरच्या पट्टीत बराच वेळ घालवतो, त्यामुळे साध्या गिटारच्या पिकअपचे ठोकताळे इथे लागू पडत नाहीत.

तापमानाचाही हिशेब धरायला हवा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. खोलीत ३१ अंश असताना आम्हाला १६.८ मिळाला होता. २० अंशांवर तो १६.१ किलोओहम होतो. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत १७.५ चा नवा पिकअप १८.७ दाखवेल, म्हणून विक्रेत्याने चुकीचा पाठवला असं समजू नये. रीडिंगशेजारी तापमान लिहून ठेवायचं.

मूळ कॉइलची वायर कोणती हे कळल्याशिवाय तुलना अपुरी राहते. बाहेरच्या टोकाचा थोडा तुकडा घेऊन, इनॅमल अगदी बारीक एमरीने खरवडून, मायक्रोमीटरवर मोजला: ०.०५६ मिमी. म्हणजे अमेरिकन ४३ गेज. १६.१ किलोओहम भागिले ६.९, भागिले ०.२ मीटर; सुमारे ११,७०० वेढे. या एका ओळीमुळे निवड सोपी झाली. डोळ्यांसमोर असलेला एक पर्याय १७.५ किलोओहमचा, पण ४२ गेजचा होता. ओहमकडे पाहिलं तर मूळच्या जवळचा. वेढ्यांकडे पाहिलं तर १६,००० विरुद्ध ११,७००, म्हणजे इंडक्टन्स जवळजवळ दुप्पट. तो यादीतून गेला.

मूळ पिकअप इथेच पुन्हा भरून घेणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. आपल्याकडे वाइंडिंग वायरच्या दुकानात गेज म्हटलं की एसडब्ल्यूजी समजतात, म्हणजे ब्रिटिश मापपद्धत. तुम्ही "बेचाळीस द्या" म्हटलंत की समोरचा ०.१०२ मिमीची वायर देणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. ती पिकअपसाठी फारच जाड. बॉबिन भरून वाहील आणि निम्मे वेढेही बसणार नाहीत. अमेरिकन ४२ ला सर्वांत जवळची ४६ एसडब्ल्यूजी, ०.०६१ मिमी. अमेरिकन ४४ म्हणजे ४७ एसडब्ल्यूजी. अमेरिकन ४३ या दोन्हींच्या मध्ये पडते. म्हणून गेज न सांगता मिलिमीटर सांगावेत आणि रीळ हातात आल्यावर मायक्रोमीटर लावावा.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे हे काम देऊ नये. त्यांचा हात जाड वायरीवर बसलेला असतो, आणि ०.०५६ मिमीची वायर किंचित जास्त ताणली तरी लांबते, बारीक होते आणि ओहम वाढतात. रिले किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली भरणारे लोक भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात सापडतात. त्यांच्याकडे वेढे मोजणारं काउंटर आणि ताण नियंत्रित करणारी व्यवस्था असते. त्यांना सांगायच्या गोष्टी: वायरची जाडी, वेढ्यांची संख्या, कोणत्या दिशेने गुंडाळायचं, आणि दांड्यांवर आधी पातळ पॉलिएस्टर टेपचा एक थर द्यायचा, म्हणजे वायर अल्निकोला पुन्हा टेकणार नाही. भरलेली कॉइल मेणात बुडवावी लागते, नाहीतर मोठ्या आवाजात वेढे थरथरतात आणि पिकअप शिट्टी मारू लागतो. आठ भाग पॅराफिन, दोन भाग मधमाशीचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, ६० ते ६५ अंश, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मामीटर लावल्याशिवाय हे करू नये. जुनी प्लॅस्टिकची बॉबिन यापुढच्या उष्णतेत वाकते, आणि थेट आचेवर ठेवलेलं मेण पेट घेतं.

आता सिंगल कॉइल की हंबकर हा प्रश्न. भारतात मेन्स ५० हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइलमध्ये ५० ची गुणगुण आणि तिच्या पटीतले आवाज येतात. घरात ते सहन होतात. पण गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये डिमर आणि एलईडीच्या पॉवर सप्लायने वेढलेल्या स्टेजवर सिंगल कॉइल तीव्र खरखर पकडतो. अशा ठिकाणी नेमाने वाजवणाऱ्याने हंबकर घ्यावा असं आम्ही सांगतो. जॉर्ज एल्सचे ई-६६ आणि १०-१, बिल लॉरेन्सचे ७०५ आणि ७१० ही स्टीलवाल्यांत रुळलेली नावं आहेत. हंबकरमध्ये उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि उलट ध्रुवाच्या दोन कॉइली बाहेरची गुणगुण एकमेकींत मिटवतात. पण त्या तारेचं कंपन दोन वेगळ्या जागी पकडतात, त्यामुळे वरचे काही हार्मोनिक्सही कापले जातात. आवाज गुळगुळीत, समतोल होतो. सिंगल कॉइलची टोचणारी धार राहत नाही. हंबकरच्या ओहमची तुलना सिंगल कॉइलशी तर मुळीच करू नये, रचनाच वेगळी असते.

या वाद्याचा वादक मुख्यतः स्टुडिओत आणि छोट्या सभागृहांत बसतो, आणि त्याला जुन्या सिंगल कॉइलची धारच हवी होती. सिंगल कॉइलची गुणगुण दिशेवर अवलंबून असते: गिटार जमिनीवर थोडी फिरवली की एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. पेडल स्टील वादकासमोर पायांवर उभी असते, तेव्हा बैठक दहा-वीस अंश वळवणं शक्य असतं. स्टुडिओत हा उपाय पुरतो.

पिकअप मागवण्याआधी आणखी एक गोष्ट करून घेतली, आणि ती सगळ्यांनी करावी असं वाटतं. गिटारपासून व्हॉल्यूम पेडलपर्यंत आणि व्हॉल्यूम पेडलपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या केबल मोजल्या. साधारण केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो. दोन्ही मिळून ९ मीटर असतील तर ९०० पिकोफॅरड झाले, आणि मग कितीही तेज पिकअप आणला तरी तो मंदावणार. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडलमध्ये पॉट किती किलोओहमचा आहे तेही पाहावं. स्टीलसाठी ५०० के नेहमीचा. कमी के चा पॉट शिखर दाबतो.

हे कानाने पडताळण्यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ४७० पिकोफॅरडचे काही कपॅसिटर आणि ४७० किलोओहमचे रेझिस्टर आणायचे. किरकोळ पैशांचं काम. चालू स्थितीतल्या दुसऱ्या स्टीलच्या जॅकवर कपॅसिटर समांतर लावला की चार-पाच मीटर केबल वाढवल्यासारखा परिणाम मिळतो. ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावला की ५०० चा पॉट २४० सारखा वागतो. दोन्ही ऐकून वादकाने सांगायचं: याहून गडद हवा की याहून उघडा? शब्दांत "गोड", "भरदार", "टोकदार" सांगण्यापेक्षा ही पद्धत खूप खात्रीची, कारण तिचं उत्तर आकड्यांत बदलता येतं. आमच्या वादकाला कपॅसिटर काढलेला आवाज पसंत पडला. म्हणजे वेढे मूळपेक्षा फारसे वाढवायचे नाहीत, हे नक्की झालं.

ऑर्डर देताना लिहिलेला मजकूर असा होता: दहा तारा, सिंगल कॉइल, अल्निको ५ च्या ३/१६ इंची दांड्या, सगळ्यांची डोकी एका पातळीत, अमेरिकन ४३ गेज, सुमारे १२,००० वेढे, २० अंशांना अपेक्षित रोध १६.५ किलोओहमच्या आसपास, मेणात बुडवलेला, पसारा अमुक, स्क्रूचं अंतर अमुक, एकूण उंची अमुकपेक्षा जास्त नको, वायर चेंजरच्या विरुद्ध बाजूने, आच्छादित दोन-कोर. डोकी एका पातळीत असण्याचा आग्रह मुद्दाम धरला. साध्या गिटारच्या बोर्डाला गोलाई असते म्हणून दांड्या वरखाली ठेवतात. पेडल स्टीलमध्ये सगळ्या तारा एकाच सपाट पातळीत असतात, तिथे वरखाली दांड्या तारांचा समतोल बिघडवतात.

पिकअप आल्यावर बसवण्याआधी तीन तपासण्या: ओहम तापमानासह, प्रत्येक दांडीवर होकायंत्र धरून सगळ्यांचा वरचा ध्रुव एकच आहे ना, आणि अ‍ॅम्पला जोडून पेन्सिलीने हलका ठोका. ठोक्याचा आवाज मायक्रोफोनसारखा खणखणीत आला तर मेण आत पोचलेलं नाही. अल्निकोच्या दांड्या स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवल्या तर कमजोर होतात, म्हणून पार्सल स्पीकरच्या खोक्यावर ठेवून देऊ नये.

डाख देताना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि रेझिन-कोरचं ६०/४० सोल्डर वापरलं. डबीतली पिवळी पेस्ट लावायची नाही. तिचं आम्लच वायर खातं. बाहेरच्या वेढ्यांचं टोक ग्राउंडला आणि आतलं टोक सिग्नलला जोडलं, म्हणजे बाहेरचे वेढे थोडंफार कवच म्हणून काम करतात. जुन्या पिकअपच्या एका लगवर, म्हणजे डाख द्यायच्या पट्टीवर, चेंजरकडे जाणारी बारीक ग्राउंड वायर होती. ती नव्या जोडणीत विसरली जाते, आणि मग बार तारांवर टेकवल्यावर गुणगुण कमी होण्याऐवजी वाढते. चेंजर आणि जॅकचं ग्राउंड यांच्यात मीटरने जवळपास शून्य ओहम दिसले पाहिजेत.

उंचीसाठी ड्रिल बिट हे उत्तम माप आहे. ३.५ मिमीचं बिट तार आणि दांडीमध्ये सरकवलं, ते तारेला न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. पेडल स्टीलमध्ये बार तारेला बोर्डापर्यंत दाबत नाही, म्हणून हे अंतर वरच्या रेघांवरही जवळपास तेवढंच राहतं. साध्या गिटारप्रमाणे शेवटच्या फ्रेटवर दाबून मोजायची गरज नाही. पिकअप फार वर आला तर चुंबक जाड तारांना ओढतो, स्वर डळमळतो आणि सस्टेन तुटतो. फार खाली गेला तर आवाज दूरचा वाटतो.

समतोल तपासताना नव्या तारा चढवल्या, व्हॉल्यूम पेडल एका जागी चिकटपट्टीने पक्कं केलं आणि सिग्नल थेट कॉम्प्युटरवर घेतला. प्रत्येक तार त्याच जागी, शक्य तेवढ्या सारख्या जोराने, अनेकदा छेडून तिच्या पातळीची सरासरी पाहिली. तिसरी तार, ०.०११ इंची, उजळ वाजतेच. सहावी तार मात्र नीट पाहावी लागते: ती ०.०२० ची साधी असली तर जोरात येते, ०.०२२ ची गुंडाळलेली असली तर मागे राहते. वादकाने सहावी साधी ठेवली होती आणि ती आजूबाजूच्या तारांवर चढत होती. दांड्या पक्क्या असल्याने एकच खाली करता येत नाही. त्याऐवजी पिकअपची बास बाजू ३.५ वरून ४ मिमीवर नेली, तेव्हा आठवी ते दहावी सैल, मोकळी वाजू लागली आणि सहावीचा चढही सुसह्य झाला. मग बी पेडल दाबून तिसरी आणि सहावी जी-शार्पवरून ए वर नेली, ए पेडलने पाचवी आणि दहावी बी वरून सी-शार्पवर, आणि स्वर चढताना आवाजाची पातळी उडी घेत नाही हे ऐकून पाहिलं.

जुना पिकअप मूळ स्क्रूंसह झिप पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर केसमध्येच ठेवला. पिशवीत एक चिठ्ठी: वायर ०.०५६ मिमी, अंदाजे ११,७०० वेढे, १६.१ किलोओहम २० अंशांना, आतलं टोक तुटलेलं, ग्राउंड वायर चेंजरला. त्या चिठ्ठीवरून तो कधीही पुन्हा भरून घेता येईल. नव्या पिकअपचे स्क्रू महिन्याभराने एकदा तपासावेत. नवी रबरी नळी किंवा स्प्रिंग दबून बसते आणि उंची अर्धा मिलिमीटर खाली सरकते, तेव्हा तेच ३.५ चं बिट पुन्हा लावायचं.